साथीचा रोग आणि वाटेवरचा माणूस

साथीचा रोग आला की प्रशासनापुढे दोन कामे एकदम उभी राहतात. रोग थांबवणे हे पहिले आणि माणसे थांबवणे हे दुसरे. रोग डोळ्यांना दिसत नाही, माणूस दिसतो. त्यामुळे पहिले काम नीट हाती येण्याआधीच दुसऱ्या कामाचे हुकूम निघालेले असतात. शासकीय नोकरीत राहिल्याने मला या हुकुमांविषयी नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. ते निघतात कसे, काही आठवड्यांनी बदलतात कसे, आणि साथ ओसरल्यावर त्यांतून शिकलेले शहाणपण जाते कोठे?

या प्रश्नाचा विचार जबलपुरात बसून करण्यास एक कारण आहे. या गावाचे आधुनिक महत्त्व रेल्वेने घडवले. १८६७ साली ईस्ट इंडियन रेल्वे अलाहाबादहून येथवर पोहोचली. मुंबईकडून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मार्च १८७० मध्ये इटारसीमार्गे येथे येऊन तिला मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग लोहमार्ग पहिल्यांदा तयार झाला. आज पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपुरातच आहे. येथल्या मराठी घरांचा इतिहास चाळला तर कोणी भोसल्यांच्या अमदानीत आलेले, कोणी रेल्वेत चिकटलेले, कोणी १९०४ साली उभ्या राहिलेल्या तोफगाडी कारखान्यात किंवा शाळा-कचेऱ्यांत नोकरी धरलेले आढळतात. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, म्हणून या ये-जा करण्याला कोणी स्थलांतर म्हणतही नसे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांच्या घरात एक पिढी तरी अशी असते जिने ट्रंक उचलून गाडी पकडली. त्या माणसाकडे साथीच्या काळात सरकार कोणत्या नजरेने पाहते, हा म्हणूनच आपला घरचा प्रश्न आहे.

सुरुवात १८९६ पासून करू. त्या वर्षी २३ सप्टेंबरला मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. शहरात घबराट पसरली. त्याच महिन्याच्या अखेरीस तो हुकूम सैल करावा लागला. कारणांत एक कारण मोठे व्यावहारिक होते. शहराचा मैला आणि केरकचरा उचलणारे हलालखोर गाव सोडून गेले तर प्लेगपेक्षा मोठे संकट ओढवेल, अशी धास्ती कमिशनरांना वाटली. माणसांच्या जाण्याच्या भीतीने शासनाने आपले धोरण बदलले, असे हे आपल्याकडचे एक जुने आणि स्पष्ट उदाहरण आहे. ज्याचे जाणे परवडणार नाही त्याचे म्हणणे लवकर ऐकले जाते, हेही त्यातून कळते.

तरीही लोक गेलेच. सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या मुंबईतून १८९७ च्या पहिल्या महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. कोणी कोकणात, कोणी घाटावर, कोणी उत्तरेकडे. गिरण्यांत माणूस मिळेना, तेव्हा मालकांच्या माणसांनी नाक्यानाक्यावर रोखीने रोजचा वाढीव पगार देऊ करून कामगार मिळवले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा प्रत्येक प्रशासकाने एकदा शांतपणे वाचावा असा आहे. दुसऱ्या कलमाने सरकारला साथ आवरण्यासाठी वाटेल ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली, आणि त्यात रेल्वेने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी व संशयितांना वेगळे ठेवणे यांचा नावानिशी उल्लेख केला. तिसऱ्या कलमाने नियम मोडणाऱ्यास दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा सांगितली. चौथ्याने सद्‌बुद्धीने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्यास मनाई केली. म्हणजे प्रवासी या कायद्यात एकाच नात्याने येतो, रोगाचा संभाव्य वाहक म्हणून. त्याला अडवून ठेवले तर तो खाणार काय, त्याच्या गाठोड्याचे आणि बरोबरच्या पोरांचे काय, घरी कोणी वाट पाहत असेल तर त्यांना कळवायचे कोणी, यावर कायद्यात अक्षर नाही. अधिकाऱ्याला संरक्षण आहे, प्रवाशाला नाही.

अंमलबजावणीही तशीच झाली. मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या कल्याणला थांबवून उतारूंची तपासणी होई. पुढे देशभरच्या रेल्वेमार्गांवर ठिकठिकाणी अशी ठाणी बसली. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंना डब्यातच पाहिले जाई, तिसऱ्या वर्गाच्या लोकांना फलाटावर उतरवून रांगेत उभे करीत. परक्या डॉक्टराने चारचौघांत बायकांच्या अंगाला हात लावावा याचा संताप इतका झाला की स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्रिया नेमाव्या लागल्या. समुद्राकडेही तीच गत होती. युरोपीय राष्ट्रे हिंदुस्थानच्या मालावर आणि जहाजांवर बंदी घालतील या धाकाने फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने हजयात्रा थांबवली, आणि त्याच सुमारास व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्लेगविषयक करार झाला. यात्रेकरूंना घरी बसवून व्यापाराची वाट मोकळी ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

पण पुढची चार वर्षे मला अधिक महत्त्वाची वाटतात. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत आणि एप्रिल १९०० मध्ये कानपुरात प्लेगच्या उपायांवरून दंगे झाले. छावण्यांचा खर्च वाढला, आणि एवढे करूनही प्लेग एका प्रांतातून दुसऱ्यात जातच राहिला. तेव्हा धोरण पायरीपायरीने उतरू लागले. मद्रास इलाख्यात प्लेगचे पासपोर्ट निघाले. दूषित भागातून येणाऱ्याला अडवून न ठेवता त्याचे नाव व मुक्कामाचा पत्ता लिहून घ्यायचा, हातात कागद द्यायचा, आणि त्याने दहा दिवस ठरलेल्या ठिकाणी हजेरी लावायची. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून पाहिलेली लस प्रचारात आल्यावर टोचून घेतलेल्यांना दाखला मिळू लागला आणि वेगळे ठेवण्याच्या काही नियमांतून सूट मिळू लागली. १९०० च्या सुमारास, प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनच्या चौकशीनंतर, सक्तीचा बहुतेक भाग सोडून देण्यात आला.

यातला विपर्यास नंतर उघड झाला. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत उंदरावरची पिसू प्लेग पसरवते असे दाखवले, आणि १९०५ नंतरच्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे फलाटावर माणसांच्या काखा आणि जांघा तपासल्या जात असताना खरा उतारू शेजारच्या मालगाडीत धान्याच्या गोण्यांबरोबर बिनतिकीट चालला होता. त्या काळच्या डॉक्टरांना हे माहीत नव्हते, त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. परंतु रोगाविषयी कमी ठाऊक असताना माणसांवरचा हुकूम मात्र पुऱ्या खात्रीचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९१८ साली इन्फ्लुएंझा आला तेव्हा लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. जूनमध्ये मुंबई बंदरात दिसलेला हा ताप रेल्वेच्या वाटेने आत शिरला. सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे मेली असे बहुतेक अंदाज सांगतात. या वेळी गाड्या थांबल्या नाहीत. महायुद्ध चालू होते, फौजा आणि धान्य हलवायचे होते, आणि त्याच वर्षी पाऊस हुकल्याने पोटासाठी गाव सोडणारे वेगळे. सरकारने प्रवाशाला अडवले नाही, तसेच त्याला काही दिलेही नाही. दवा, अन्न, शुश्रूषा यांचा मोठा भार गावोगावच्या सेवाभावी मंडळींनी उचलला. १८९७ मध्ये सरकारने प्रवाशाला संशयित मानले आणि १९१८ मध्ये त्याच्याकडे पाहिलेच नाही. जाणाऱ्याला नीट जाऊ द्यायचे आणि वाटेत त्याची काळजी घ्यायची हा तिसरा मार्ग दोन्ही वेळा कागदावर आला नाही.

आता २०२० कडे येऊ. मध्य प्रदेशातले कोविडचे पहिले चार रुग्ण २० मार्चला जबलपुरातच सापडले. तिघे दुबईहून आलेले होते, एक जर्मनीहून. रोग विमानाने आला होता. २२ मार्चला रेल्वेने सर्व प्रवासी गाड्या थांबवल्या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती लागू झाली. पुढच्या काही दिवसांत मुंबई, पुणे, नागपूर, हैदराबाद, सुरत येथून माणसे पायी निघाली. नागपूर-सिवनी-जबलपूर-रीवा हा उत्तरेकडे जाणारा रस्ता त्यांच्या मुख्य वाटांपैकी एक झाला.

केंद्रीय गृहमंत्रालयाचे त्या काळातले आदेश तारखेप्रमाणे ओळीने लावले की धोरण कसे वळले ते स्वच्छ दिसते. २९ मार्चचा आदेश सांगतो की राज्यांनी सीमा बंद कराव्यात, वाटेतल्या मजुरांना जवळच्या निवाऱ्यात किमान १४ दिवस ठेवावे, त्यांच्या अन्नाची सोय करावी, मालकांनी पगार कापू नये, घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये. १९ एप्रिलच्या आदेशाने मजुरांना राज्याच्या आतल्या आत कामावर नेण्यास परवानगी मिळाली, राज्याबाहेर नाही. २९ एप्रिलला दोन्ही राज्यांची संमती असेल तर बसने नेता येईल असे ठरले. १ मे रोजी श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, पहिली तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाला गेली. १९ मे रोजी गाडी सोडण्यासाठी पोहोचण्याच्या राज्याची संमती घेण्याची अट काढून टाकण्यात आली. २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून भाडे घेऊ नये आणि वाटेत अन्नपाणी द्यावे असे सांगितले. ९ जूनला पंधरा दिवसांत सर्वांना पोहोचवा आणि वाट चालल्याबद्दल भरलेले खटले मागे घेण्याचा विचार करा, असा आदेश दिला.

बंदी, मग तपासणी, मग परवाना, शेवटी पोहोचवण्याची व्यवस्था. १८९७ ते १९०० या काळात शासनाला ज्या वाटेने माघार घ्यावी लागली, ती वाट या वेळी सुमारे आठ आठवड्यांत ओलांडली गेली, आणि शेवटची पायरी, सरकारनेच गाडी देण्याची, ही तर नवीनच होती. हे श्रेय द्यायलाच हवे. ३१ ऑगस्टपर्यंत ४,६२१ श्रमिक गाड्यांतून ६३ लाखांहून अधिक माणसे घरी गेली. जगात इतक्या थोड्या अवधीत इतकी माणसे हलवण्याची ताकद फार थोड्या यंत्रणांत आहे. मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्राच्या सीमेवर बिजासन घाटात जमलेल्या हजारोंना बसने पुढे नेले, त्यांत कित्येक उत्तर प्रदेशचे होते.

पण त्या आठ आठवड्यांची किंमत कोणी दिली? ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर विसावलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते निघाले होते, भुसावळला जाऊन श्रमिक गाडी पकडावी या आशेने. सगळे शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांचे, म्हणजे जबलपूरच्या शेजारचे. गाड्या सुरू होऊन आठवडा झाला होता, परंतु गाडी कोठून, कधी आणि कोणासाठी सुटते हे त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नव्हती. दुसऱ्याच दिवशी रात्री नरसिंहपूर जिल्ह्यात आंबे नेणारा ट्रक उलटला आणि त्यावर बसून हैदराबादहून उत्तरेकडे निघालेल्या मजुरांपैकी काही जण ठार झाले. फळांच्या ट्रकला परवानगी होती, माणसांना नव्हती, म्हणून माणसे फळांवर बसून निघाली.

शासनाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळ नाही. मार्चमध्ये सर्वांना गावी जाऊ दिले असते तर रोग खेड्यापाड्यांत पोहोचला असता, आणि तेथे ना डॉक्टर ना प्राणवायू. हा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी कोणीही असता तरी त्याचा हात थबकला असता. पण तारखा वेगळे सांगतात. टाळेबंदी लागली तेव्हा देशात नोंदलेले रुग्ण साधारण सहाशे होते. पहिली श्रमिक गाडी सुटली तेव्हा ते ३५,००० झाले होते. मजूर एवढे दिवस मुंबईसारख्या शहरात एकेका खोलीत दहा-दहा जण राहिले आणि संसर्ग वाढल्यानंतर गावी निघाले. अडवण्याने जाणे टळले नाही, पुढे ढकलले गेले. गावी जायला निघालेला माणूस बंदीने थांबत नाही. शहरात चूल पेटण्याची खात्री झाली तर मात्र तो थांबतो. २९ मार्चच्या आदेशात पगार आणि भाडे यांच्या सूचना होत्याच, म्हणजे हे कारण शासनाला उमगले होते. परंतु सीमा बंद करण्यामागे पोलीस उभे होते, पगार मिळवून देण्यामागे तसे कोणी नव्हते, आणि पगाराविषयीचा तो आदेश १८ मेपासून संपुष्टातही आला.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. परदेशी राहणाऱ्या वाचकांना आठवत असेल की १३ मार्च २०२० पासून भारताने बहुतेक व्हिसे स्थगित केले आणि ओसीआय कार्डधारकांचा व्हिसाविना प्रवेशही त्यात आला. आजीवन म्हणून दिलेली सवलत एका परिपत्रकाने थांबली. आईवडील आजारी असतानाही कित्येकांना निघता आले नाही. २२ मे रोजी कौटुंबिक अडचणीतल्यांसह काही गटांना वाट मोकळी झाली. येथेही बंदी आधी आणि अपवाद नंतर. उलट बाजूचे एक उदाहरण पोर्तुगालचे आहे. त्या सरकारने मार्चअखेरीस जाहीर केले की ज्यांचे वास्तव्य-परवान्याचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांना १ जुलैपर्यंत कायदेशीर रहिवासी मानले जाईल, म्हणजे दवाखाना आणि सरकारी मदत त्यांना मिळेल. परका माणूस लपून राहिला तर रोगही लपून राहतो, एवढा साधा हिशोब त्यामागे होता.

साथ ओसरल्यावर काय उरले? काही चांगले उरले. एक देश एक रेशन कार्ड ही योजना न्यायालयाच्या रेट्याने जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तीत ३० कोटींहून अधिक नावे आली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा केवळ ठेकेदारामार्फत आलेल्यांना ओळखत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत स्वतःहून आलेला कामगारही या व्याख्येत बसतो आणि गावी जाण्यायेण्याच्या वार्षिक भाड्याची तरतूद आहे, जरी जुन्या कायद्यातला विस्थापन भत्ता गेला.

परंतु ज्या कायद्याखाली माणसे अडवली जातात त्या १८९७ च्या कायद्याचे काय? २०२० मध्येच त्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा ठरली, ती योग्यच होती. तपासणी आणि अडवणूक कोठे करता येईल त्या यादीत बस, गाडी, मालवाहू वाहने आणि विमाने आली. म्हणजे रोखण्याचे अधिकार विस्तारले. ज्याला रोखायचे त्याच्या अन्नाचा, निवाऱ्याचा, घरी पोहोचवण्याचा शब्द मात्र त्यात तेव्हाही पडला नाही. मजुरांसाठी निघालेले सगळे चांगले हुकूम परिपत्रके होती. परिपत्रके साथीबरोबर फायलीत जातात, कायदा उरतो. पुढची साथ येईल तेव्हा टेबलावर कायदाच असेल.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. साथरोग कायद्यात प्रवाशाच्या बाजूची चार वाक्ये यावीत. वाहतूक बंद करण्यापूर्वी किमान किती वेळ सूचना द्यायची ते ठरलेले असावे. ज्याला थांबवले त्याला शिधा आणि निवारा देण्याची जबाबदारी थांबवणाऱ्या यंत्रणेवर असावी, तो कोठलाही असो. ज्याला जायचेच आहे त्याच्यासाठी ठरावीक दिवसांच्या आत वाहन सोडण्याचे बंधन असावे, आणि आपल्याच माणसाला घेण्यास कोणत्याही राज्याने संमतीची अट घालू नये. आणि केवळ घरी चालत गेला म्हणून कोणावर खटला भरला जाऊ नये. यातली एकही गोष्ट नवी नाही. २०२० च्या मे-जूनपर्यंत शासन आणि न्यायालय या बहुतेक सर्व गोष्टींपाशी येऊन पोहोचले होते. त्या पहिल्या दिवसापासून लागू असत्या तर शहडोल आणि उमरियाच्या त्या सोळा जणांना रुळांवरून चालत जावे लागले नसते.